ऑर्थो ओटीतला (हाडांच्या ऑपरेशन थिएटरमधला) कचरा, वीज आणि उधळपट्टी कमी करायची तर कामाचा क्रम असा ठेवा

नौपाडा, पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यात हाडांची लहानमोठी हॉस्पिटलं भरपूर आहेत. तिथल्या ओळखीच्या सिस्टर अधूनमधून फोन करतात आणि बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं: "ओटीतला कचरा कमी करायचा म्हणून एवढं केलं, पण पिवळी पिशवी आहे तेवढीच भरते." (पिवळी म्हणजे भट्टीत जाळायच्या कचऱ्याची.) खोदून विचारलं की कळतं, सुरुवातच चुकली आहे. कुणी आधी महागड्या पर्यावरणपूरक पिशव्या मागवल्या, कुणी भिंतीवर पोस्टर लावलं, तर कुणी थेट ड्रेप (पेशंटवर पसरायची निर्जंतुक कापडं) आणि ग्लोव्हजमध्ये काटकसर सुरू केली. यातलं शेवटचं सगळ्यात धोक्याचं.

ते का, हे आधी समजून घ्या. बदललेल्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर बऱ्याचदा बसवलेलं इम्प्लांट काढावं लागतं, त्या जागी औषधी सिमेंटचा, जागा धरून ठेवणारा स्पेसर ठेवावा लागतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा नवा सांधा बसवावा लागतो. एकाच्या जागी तीन ऑपरेशनं झाली. तिप्पट ट्रे, तिप्पट ड्रेप, महिनाभराच्या सलाइनच्या बाटल्या, आणि पेशंटचे हाल वेगळेच. म्हणून खाली दिलेला क्रम जखमेपासून सगळ्यात लांबच्या गोष्टींपासून सुरू होतो आणि जखमेजवळच्या गोष्टींकडे शेवटी येतो. तो उलटा करू नका.

## टप्पा १: दोन आठवडे फक्त वजन करा

लटकवायचा डिजिटल काटा आणा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रंगवार रोजचं रजिस्टर तुम्ही ठेवतच असाल. त्याच रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा: केसचा प्रकार. सांधेरोपण, प्लेट-रॉडच्या केसेस, आर्थ्रोस्कोपी (सांध्यात दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन), इम्प्लांट काढणं, असे चार-पाच गट पुरतात. सगळं एकत्र मोजलं तर ज्या आठवड्यात गुडघ्याच्या केसेस जास्त, त्या आठवड्यात कचरा वाढलेला दिसेल आणि तुमची मेहनत वाया गेली असं वाटेल.

या दोन आठवड्यांत काहीही बदलू नका. सूचना नाही, पोस्टर नाही, मीटिंगही नाही. लोकांना कळलं की ते चार दिवस जपून वागतात आणि सुरुवातीचा आकडाच खोटा पडतो.

दोन आठवडे झाले की मग एकदाच सगळ्यांना बसवा: सर्जन, भूलतज्ज्ञ, स्क्रब सिस्टर (टेबलावर अवजारं देणारी), सीएसएसडीचा म्हणजे निर्जंतुकीकरण विभागाचा टेक्निशियन, स्टोअर सांभाळणारी व्यक्ती, आणि ओटीतले मामा-मावशी. मामा-मावशींना वगळणं ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक. पिशवीत काय पडतं हे मावशींना जितकं माहीत असतं तितकं इन्चार्जलाही नसतं.

तपासा: किमान दहा केसेसची वजनं केसच्या प्रकारासह नोंदली गेलीत का? नसतील तर आणखी एक आठवडा थांबा.

## टप्पा २: वर्गीकरण, आणि तेही चीर देण्याआधी

पिवळ्या पिशवीतला माल भट्टीत जातो. नियमाप्रमाणे त्या भट्टीच्या दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान राखावं लागतं. म्हणजे तुम्ही पिवळीत टाकलेला प्रत्येक कोरा पुठ्ठा इंधन खर्चून जाळला जातो. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक मात्र निर्जंतुक होऊन पुनर्वापराला जाऊ शकतं. म्हणून कोणती वस्तू कुठे, हे आधी पाठ असू द्या.

पिवळी: रक्ताळलेले गॉज, मॉप, ड्रेसिंग, कापलेली हाडं आणि ऊती, वापरलेले मास्क आणि डिस्पोजेबल गाऊन, रक्त लागलेलं प्लास्टर.

लाल: ग्लोव्हज, सक्शनच्या नळ्या, आयव्ही सेट, कॅथेटर, लघवीची पिशवी, सुई काढलेली सिरिंज.

पांढरा, न भोसकला जाणारा डबा: सुया, ब्लेड, धारदार टोकं.

निळा: काच, आणि धातूची इम्प्लांट.

निळ्या रंगाबद्दल ऑर्थोच्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. शरीरातून काढलेली प्लेट, स्क्रू, रॉड या धातूच्या इम्प्लांटची जागा निळ्या गटात आहे. ते पिवळीत गेलं तर भट्टीत जळत नाही, आणि स्टील किंवा टायटॅनियमसारखा धातू राखेत जातो. आमच्याकडेही वर्षानुवर्षं पिवळीतच जायचं, कारण "रक्त लागलंय ना" हा एवढाच विचार होता. चूक कळल्यावर आम्ही टेबलाजवळ एक वेगळी किडनी ट्रे ठेवली, फक्त काढलेल्या धातूसाठी. तेव्हापासून घोळ थांबला. के-वायरची (हाड जोडायच्या बारीक तारेची) कापलेली टोकं मात्र टोचतात. ती धारदार वस्तूंच्या डब्यातच टाका.

आता मुख्य युक्ती. गुडघ्याच्या केसची तयारी चालू असताना एकदा कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघा. पेशंट अजून पाठीत इंजेक्शन घेतोय, टेबल लागतंय, आणि सर्क्युलेटिंग सिस्टरच्या (टेबलाबाहेर राहून सामान उघडून देणारीच्या) पायाशी ढीग साचतोय: ग्लोव्हजची कागदी पाकिटं, ड्रेप पॅकचं बाहेरचं प्लॅस्टिक, सिरिंजची वेष्टनं, सलाइनच्या बाटलीवरचं आवरण, सूचरची (टाक्यांच्या दोऱ्याची) खोकी. यातल्या एकाही वस्तूला पेशंटचा स्पर्श झालेला नाही. जंतुसंसर्गाचा प्रश्नच येत नाही. तरीही समोर पिवळी पिशवी उघडी असते म्हणून सगळं तिच्यात जातं.

तर करायचं असं:

१. तयारीच्या वेळी ओटीत फक्त दोन साध्या पिशव्या ठेवा, एक कागद-पुठ्ठ्याची आणि एक स्वच्छ प्लॅस्टिकची. पिवळी आणि लाल स्टँडवर लावा, पण त्यांचं तोंड दुमडून बंद ठेवा. अपवाद फक्त भूलतज्ज्ञांच्या ट्रॉलीजवळच्या पिशव्यांचा आणि धारदार वस्तूंच्या डब्याचा, कारण त्यांचं काम आधीच सुरू झालेलं असतं.

२. सर्जनने टाइम-आउट (चीर देण्याआधीची शेवटची खातरजमा) घेतला की सर्क्युलेटिंग सिस्टरने साध्या पिशव्या बांधायच्या आणि मगच पिवळी-लाल उघडायची.

३. बांधलेल्या पिशव्या भिंतीकडे सरकवायच्या.

४. केस चालू असताना उघडलेल्या इम्प्लांटच्या खोक्यांसाठी दाराजवळ एक छोटी पिशवी ठेवा, टेबलापासून लांब.

सावधान: बांधलेली असो वा उघडी, कोणतीही पिशवी गॉज आणि इन्स्ट्रुमेंटची शेवटची मोजणी जुळेपर्यंत ओटीबाहेर काढायची नाही. स्वच्छता करणाऱ्या मावशी उत्साहाने पिशवी बाहेर नेतात, आणि इकडे एक मॉप कमी भरतो. मग सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

सावधान: इम्प्लांटचं खोकं टाकण्याआधी स्टिकर काढून केसपेपरवर चिकटलेत का, ते पाहा. पुढे रिव्हिजन (बसवलेला सांधा पुन्हा बदलणं) करायची वेळ आली तर कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा सांधा आहे हे सांगणारा तोच पुरावा असतो.

तपासा: साध्या पिशवीत रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी ती पिशवी साधी राहिली नाही. हात घालून निवडत बसायचं नाही, सगळीच पिवळीत. असं आठवड्यात दोनदा झालं तर पिशवीची जागा चुकली आहे असं समजा आणि ती हलवा. माणसांवर ओरडून उपयोग नाही.

## टप्पा ३: न वापरता उघडलेल्या वस्तू

वजनात हा भाग लहान दिसेल, पण किमतीत सगळ्यात मोठा असतो. "असू दे हाताशी" म्हणून सूचर उघडतात, ड्रेन उघडतात, दुसरं सलाइन फोडतात, आणि केस संपल्यावर सगळं तसंच कचऱ्यात.

प्रत्येक सर्जनच्या प्रत्येक नेहमीच्या ऑपरेशनसाठी एक कार्ड बनवा. दोनच रकाने: "उघडा" आणि "हाताशी ठेवा, मागितल्यावरच उघडा". कार्ड सर्जनला विचारून बनवू नका. पाच केसेसमध्ये प्रत्यक्ष काय वापरलं ते टिपून बनवा आणि मग सही घ्यायला न्या. विचारलं तर प्रत्येक जण सगळंच लागतं म्हणतो, टिपण समोर ठेवलं की तोच माणूस स्वतःहून चार ओळी खोडतो.

इम्प्लांटसाठी नियम वेगळा आणि कडक. आदल्या दिवशी एक्स-रेवर टेम्प्लेटिंग करून (इम्प्लांटचा आराखडा ठेवून) अंदाजे माप ठरवा. टेबलावर ट्रायल (मापाचा तात्पुरता नमुना) बसवून झाल्यावर सर्जनने माप सांगायचं, सर्क्युलेटिंग सिस्टरने खोक्यावरचं मोठ्याने वाचायचं: कोणती बाजू, कोणता भाग, माप, मुदत. सर्जनने "हो" म्हटल्यावरच सील तोडायचं. घाईत डाव्याच्या जागी उजव्या फीमरचा (मांडीच्या हाडाचा) भाग उघडला जाणं ही ऐकीव गोष्ट नाही. कंपनीचा माणूस खोकं हातात घेऊन तयार उभा असतो, त्याचीही घाई असते. सील त्याने तोडायचं नाही.

## टप्पा ४: ट्रे आणि ऑटोक्लेव्ह

सांधेरोपणाच्या केसला कंपनीकडून ट्रेची उतरंड येते, त्यात आपले बेसिक ट्रे वेगळे. सगळे धुवायचे, पॅक करायचे, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करायचे, आणि निम्म्यांना केसमध्ये हातही लागत नाही. लागला नाही तरी उघडला म्हणून पुन्हा धुणं आलंच. पाणी, वाफ, वेष्टन, टेक्निशियनची रात्र, सगळं दुप्पट.

क्रम असा:

१. सलग दहा केसेस स्क्रब सिस्टरने ट्रेच्या यादीवर वापरलेल्या अवजारासमोर खूण करायची.

२. दहापैकी एकदाही न वापरलेली अवजारं बाजूला काढा, पण फेकू नका. त्यांचे दोन गट करा: खरंच अनावश्यक, आणि अडीअडचणीला लागणारी.

३. दुसरा गट वेगळा पॅक करून "संकटकाळी" असं लिहून ओटीच्या कपाटात ठेवा. अडकलेला स्क्रू काढायचा सेट, सर्क्लाज वायर (हाडाभोवती गुंडाळायची तार) आणि तिचा पासर, जखम उघडी धरणारे जादा रिट्रॅक्टर यांत येतात.

४. कंपनीला मापांचा पट्टा आदल्या दिवशी कळवा. पेशंट बारीक बांध्याची आजी असेल आणि टेम्प्लेटवर लहान माप येत असेल, तर सगळ्यात मोठ्या मापांचा ट्रे मागवायची गरज नसते. मात्र अपेक्षित मापाच्या वर-खाली एक-दोन मापं हवीतच.

सावधान: बाहेरून आलेला ट्रे कितीही चकाचक दिसला, "कालच निर्जंतुक केलाय" असं सांगितलं, तरी आपल्याकडे धुऊन, आपल्याच ऑटोक्लेव्हमधून काढल्याशिवाय टेबलावर घ्यायचा नाही. म्हणून ट्रे आदल्या दिवशी दुपारपर्यंत यायला हवेत. सकाळी सात वाजता घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून टेम्पो आला की मग ऑटोक्लेव्हची घाईची, कमी वेळाची सायकल (फेरी) लावायचा मोह होतो.

ऑटोक्लेव्ह अर्धा भरून चालवणं म्हणजे वीज आणि पाणी दोन्ही वाया. पण त्याच्या उलट चूक अधिक महाग: ठासून भरणं. वाफेला फिरायला जागा राहिली नाही की पॅक ओले निघतात, आणि ओला पॅक निर्जंतुक धरत नाहीत. तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. एका ट्रेचं वजन साधारण दहा किलोच्या आत ठेवा, ट्रे एकमेकांना चिकटवू नका, आणि सायकल संपल्यावर थंड होऊ द्या. गरम पॅक थंडगार लादीवर ठेवला की खालून ओल धरते.

पावसाळ्यात हे दुप्पट लागू. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे भिंतींना घाम येतो. निर्जंतुक पॅकचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर चार बोटं पुढे ओढा.

तपासा: रोज सकाळची बोवी-डिक चाचणी (ऑटोक्लेव्हमधली हवा पूर्ण निघून वाफ आत पोचते का ते पाहणारी), प्रत्येक पॅकमधली रासायनिक पट्टी आणि ठरलेल्या दिवसाची जैविक चाचणी यांत काटकसर नाही.

## टप्पा ५: प्लास्टर रूम

इकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून सोपा फायदा इथेच आहे.

प्लास्टरच्या बादलीतलं दुधाळ पाणी बेसिनमध्ये ओतू नका. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते पाइपमध्ये बसून दगड होतं. बादली रात्रभर तशीच ठेवा, सकाळी वरचं पाणी हलकेच ओता, खालचा गाळ वाळवून कोरड्या कचऱ्यात टाका. रक्त न लागलेलं प्लास्टर ओल्या कचऱ्यात मात्र मुळीच नको, कारण हवा न मिळता कुजणाऱ्या कचऱ्यात त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. रक्त किंवा पू लागलेलं असेल तर पिवळीच.

पावसाळ्यात उघड्या पाकिटातले पीओपी रोल दमट हवा शोषतात आणि भिजवल्यावर नीट घट्ट होत नाहीत. आपण "माल खराब आलाय" म्हणून अख्खा बॉक्स फेकतो. घट्ट झाकणाचा डबा ठेवा, एका वेळी एकच पाकीट उघडा. रोल भिजवण्याआधी लांबी अवयवावर मोजून घ्या, अंदाजाने दोन रोल जास्त भिजवणं ही रोजची उधळण आहे.

## टप्पा ६: हवा, पाणी, गॅस

ओटीच्या विजेचा सर्वात मोठा वाटा हवा थंड करून सतत खेळती ठेवण्यात जातो. दिवे बंद करून समाधान मानू नका, एएचयूकडे (हवा गाळून खेळती ठेवणाऱ्या यंत्राकडे) बघा. केसेस संपल्यावर तो पूर्ण बंद करायचा नाही, कारण आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राहायला हवा. इंजिनियरकडून रात्रीसाठी कमी वेगाची सेटिंग करून घ्या, आणि सकाळी पहिल्या केसच्या पुरेसं आधी पूर्ण वेग येऊ द्या. किती आधी, हे तुमच्या यंत्रणेवर ठरेल. हवेतल्या कणांची मोजणी करून नक्की करा.

तापमानही पाहा. एनएबीएचच्या (हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) निकषात २१ अंश, त्यात ३ अंश इकडे-तिकडे, आणि सांधेरोपणासाठी १८ अंश, त्यात २ अंश इकडे-तिकडे, असं धरलं आहे. पुष्कळ ठिकाणी सगळ्याच केसेसना १६ वर ठेवून सिस्टर आतून स्वेटर घालतात. गार पडलेल्या पेशंटला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. इथे वीज आणि पेशंट, दोघांचं हित एकच आहे.

हात धुताना नळ वाहता ठेवून पाच मिनिटं घासणं थांबवायचं असेल तर कोपराचा किंवा पायाचा नळ बसवा. दिवसाच्या पहिल्या केसला जंतुनाशक साबण आणि पाणी, हात पूर्ण कोरडे, आणि पुढच्या केसेसना अल्कोहोलचा सर्जिकल हँडरब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात दोन्ही पद्धती मान्य आहेत. हातावर दिसणारी घाण असेल तर मात्र पाणीच.

भुलीच्या गॅसबद्दल थोडक्यात, कारण निर्णय भूलतज्ज्ञांचा. डेसफ्लुरेन हवा तापवण्यात सेवोफ्लुरेनच्या कितीतरी पट पुढे आहे, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्याचा वापर अपवादापुरता ठेवला आहे. नायट्रस ऑक्साइड वातावरणात शंभराहून अधिक वर्षं टिकतो. हाडांच्या बऱ्याच केसेस स्पायनल (पाठीतलं इंजेक्शन) किंवा ब्लॉकमध्ये (फक्त तो अवयव बधिर करून) होतातच. जिथे पूर्ण भूल लागते तिथे कमी प्रवाहावर चालवता येईल का आणि नायट्रसच्या पाइपलाइनला गळती आहे का, एवढं विचारा.

## टप्पा ७: कापड, आणि ते शेवटीच

आधीचे सहा टप्पे तीन महिने नीट चालले, तरच इकडे या. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात निर्जंतुक डिस्पोजेबल आणि निर्जंतुक धुऊन वापरायचे, दोन्ही प्रकारचे गाऊन-ड्रेप चालतात. पण धुऊन वापरायचं म्हणजे कपाटातलं जुनं हिरवं सुती कापड नव्हे. ते भिजलं की जंतू आरपार जातात. पाणी न झिरपणाऱ्या घट्ट विणीचं कापड हवं, प्रत्येक तुकड्यावर धुण्याच्या खुणा हव्यात, आणि धुलाईवाला तापमान पाळतो याची खात्री हवी.

तपासा: प्रत्येक ड्रेप घडी घालण्याआधी दिव्याच्या टेबलावर पसरा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी तो तुकडा सांधेरोपणातून बाद.

सुरुवात इम्प्लांट काढण्याच्या आणि हाताच्या छोट्या केसेसपासून करा. सांधेरोपणाला सगळ्यात शेवटी.

## ओटीबाहेरच्या दोन गोष्टी

ड्रिलच्या जुन्या बॅटऱ्या आणि भेगा पडलेले लेड एप्रन कुठल्याच रंगाच्या पिशवीत जात नाहीत. बॅटरी भट्टीत फुटते, एप्रनमध्ये शिसं असतं. पुरवठादाराला परत घ्यायला लावा आणि पावती ठेवा.

वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची पेशंटला विकत घ्यायला सांगण्याआधी जवळच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राचा पत्ता द्या. अनामत भरून वस्तू मिळते, परत केली की पैसे परत. डिस्चार्जच्या कागदावर तारखेसह लिहा, नाहीतर वॉकर माळ्यावर जातो. देताना खालचे रबरी बूट झिजलेत का आणि उंची बरोबर आहे का, ते बघा. गुळगुळीत बुटामुळे आजी बाथरूममध्ये घसरली तर दुसरं ऑपरेशन आलंच.

## दर महिन्याचा आढावा

मागच्या महिन्याचं प्रत्येक प्रकारच्या केसेसचं रंगवार वजन त्या केसेसच्या संख्येने भागा आणि पहिल्या दोन आठवड्यांच्या आकड्याशेजारी लिहा. त्याच पानावर जखमेच्या संसर्गाचे आकडेही हवेत. वेगळ्या फाइलमध्ये नकोत. जैववैद्यकीय कचऱ्याचा वर्षाचा फॉर्म ४ मधला अहवाल ३० जूनपर्यंत द्यायचा असतो, ही नोंद असेल तर तो तासाभरात होतो.

पिवळीचं वजन खाली आलं पण लालचं तेवढंच वाढलं नाही, साध्या पिशव्यांचंही नाही, तर आनंद करण्याआधी शोधा की माल जातोय कुठे. आणि एकाही महिन्यात संसर्गाचा आकडा वर गेला, तर कारण सापडेपर्यंत सगळ्यात अलीकडे केलेला बदल त्याच दिवशी मागे घ्या. मीटिंगची वाट बघू नका.